डबल काचेची खिडकी फुटली तर अख्खी बदलू नका: वागळे इस्टेटच्या काचवाल्याचा रिव्ह्यू

ठाण्यात घोडबंदर रोडला जे राहतात त्यांना खिडकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रात्र झाली की ट्रेलर सुरू होतात, न्हावा शेवाहून गुजरातकडे जाणारा किती तरी माल इथूनच जातो, त्यात मेट्रोचं काम, त्यात हॉर्न वाजवायची आपल्या लोकांची हौस. म्हणून इकडच्या बऱ्याच घरांत बिल्डरने दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमच्या, डबल काचेच्या खिडक्या लावलेल्या दिसतील. आमच्या बेडरूमलाही तशीच आहे, एका बाजूला 4 बाय 4 फुटांची फिक्स काच आणि बाजूला उघडणारं 2 फुटी शटर. यंदा बिल्डिंगच्या रंगाचं काम काढलं, परांचीचा बांबू सरकला आणि फिक्सच्या बाहेरच्या काचेला खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेला. शटरची काच तर मागच्या पावसाळ्यापासूनच आतून धुरकट झालेली, ती चालवून घेत होतो. म्हटलं आता दोन्ही एकदमच करून टाकू.

रिव्ह्यू ज्या छोट्या युनिटकडून काचा करून घेतल्या त्याचा आहे, पण त्याआधी बाकीच्यांनी काय काय सांगितलं ते पण लिहिते, कारण तुम्हालाही हेच सांगणार आहेत.

ज्या कंपनीकडून खिडकी घेतली होती त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो मागवले, आणि मग मेसेज आला की नुसती काच मिळणार नाही, फ्रेम आणि शटरसकट पूर्ण सेट घ्यावा लागेल. का तर म्हणे आमचं प्रोफाइल, म्हणजे फ्रेमच्या पट्टीचा आकार, बदललं. अहो तुमचं बदललं असेल, माझी फ्रेम तर भिंतीत आहे तशी आहे ना, तिला काय झालंय! दुसरा एक फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून बसवणारा, घरी आला, त्याने फुटलेल्या काचेकडे कमी आणि घरात एकूण खिडक्या किती तिकडे जास्त लक्ष दिलं, आणि जाताना सगळ्या घराचं कोटेशन टाकून गेला. कोपऱ्यावरचा काचवाला म्हणाला ताई कशाला एवढ्या भानगडीत पडता, फुटलेली काढून तिथे सिंगल काच लावतो, सिलिकॉन मारतो, संध्याकाळी पडदा लावून झोपा. आणि एक जण तर असा भेटला की धुरकट काचेला बारीक भोक पाडून आतली वाफ काढून देतो, वर एक औषध सोडतो, काच नव्यासारखी. औषध कसलं ते काही सांगेना.

मुळात गोंधळ होतो कारण डबल काच म्हणजे काय हे विकताना कोणी नीट सांगतच नाही. आपल्याला वाटतं फ्रेमच्या खाचेत पुढे एक काच आणि मागे एक काच बसवलीये. तसं नसतं. दोन्ही काचा कडेने एकमेकींना चिकटवून फॅक्टरीतूनच एक बंद डबा तयार होऊन येतो, त्याला धंद्यातले लोक डीजीयू म्हणतात. दोन काचांच्या मधे चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तो स्पेसर. त्या पोकळीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात आणि पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रं असतात, म्हणजे मधल्या हवेतला ओलावा दाणे ओढून घेतात. पट्टी आणि काच यांच्यामधे ब्यूटाइलचा काळा चिकट थर, आणि त्याच्या बाहेरून पॉलीसल्फाइड नाहीतर सिलिकॉनचं जाड सील. एवढं सगळं जोपर्यंत घट्ट आहे तोपर्यंत काच स्वच्छ. ऊन पडलं की मधली हवा फुगते, संध्याकाळी आकसते, रोज हेच चालू, वर्षानुवर्षं. सीलला कुठेतरी केसाएवढी फट पडली की डबा हळूहळू बाहेरची दमट हवा आत ओढायला लागतो, दाणे भिजून गच्च होतात आणि मग एके दिवशी काचेवर आतून धुकं. बाहेरून पुसा, आतून पुसा, जात नाही कारण ते दोन काचांच्या मधे आहे.

म्हणून भोक पाडून वाफ काढणाऱ्याला मी नको म्हटलं. वाफ जाईल पण दाणे मेलेलेच राहणार, सील उघडंच राहणार, वर भोक पाडलेलं. ठाण्याच्या जूनमध्ये ते कितीसं टिकणार? शिवाय खूप दिवस ओलावा राहिला की काचेच्या आतल्या बाजूला पांढुरके डाग धरतात, ते काचेतच उतरलेले असतात, कुठल्याही औषधाने निघत नाहीत. आणि काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, असेल तर भोक पाडायला गेलं की अख्खी काच हातात येणार. बाहेरून सिलिकॉन फासणं त्याहून वाईट, आतलं पाणी आतच कोंडलं जातं.

एक मात्र तपासून घ्या, विशेषतः आपल्या कोकणपट्टीत. पावसाळ्यात रात्रभर एसी चालवला की सकाळी काच धुरकट दिसते आणि लोक घाबरतात की सील गेलं. आधी खिडकी उघडून बाहेरच्या बाजूने बोट फिरवून बघा. बोटाची रेघ उमटली तर ते नुसतं दव आहे, काच एसीने गार पडलीये आणि बाहेरची हवा ओली आहे म्हणून बाहेर पाणी धरतंय, उन्हं आली की जाईल. सील गेलेलं असेल तर ना बाहेरून रेघ उमटते ना आतून.

तर वागळे इस्टेट. आमच्या मजल्यावरच्या एकांच्या ऑफिसच्या पार्टिशनचं काम याने केलेलं, त्यांच्याकडून नंबर मिळाला. जागा बघून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता, बाहेर टेम्पो उभा, आत काचांचे घोडे, एका कोपऱ्यात काच धुवायचं मशीन, मधे एक मोठं टेबल आणि त्यावर दोन पोरं स्पेसरच्या पट्ट्या कापून कोपरे जोडतायत. शोरूम वगैरे काही नाही, बसायला प्लास्टिकची खुर्ची. मालक साठीच्या पुढचे, आम्ही काका म्हणायला लागलो. काकांनी फोटो बघून पहिलाच प्रश्न विचारला, बिलावर काच कुठली लिहिलीये? मी म्हटलं टफन. ते हसले. म्हणाले ताई, टफन असती तर असा एक तडा जाऊन थांबली नसती, सगळीचा चुरा होऊन खाली रस्त्यावर पडली असती. तुम्हाला साधी काच लावून दिलीये.

आता हे ऐकून मला काय वाटलं असेल बघा, आम्ही टफनचे पैसे मोजलेले आणि राहतो अकराव्या मजल्यावर. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात, टफनचे बोथट बारीक खडे होतात, म्हणून उंचावर टफन नाहीतर लॅमिनेटेड (मधे फिल्म घालून चिकटवलेली) लावायची असते. ज्यांनी नवीन खिडक्या घेतल्यात त्यांनी आजच घरात बघा, टफन काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलेला शिक्का असतो, कंपनीचं नाव आणि बऱ्याचदा आयएस 2553 हा भारतीय मानकाचा नंबर. शिक्का सापडत नसेल तर पोलराइज्ड गॉगल घालून काचेवरचं आकाशाचं प्रतिबिंब तिरक्या नजरेने बघा, टफन काचेवर गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेवर नाही दिसत. आमच्या घरात दोन खिडक्या टफन निघाल्या आणि दोन साध्या. कंपनीला परत फोन केला तर आता त्यांचा तो सेल्सवाला पोरगा तिथे नोकरीलाच नाहीये. असो, तो विषय वेगळा, तो मी सोडणार नाहीये.

माप घ्यायला काका स्वतः आले, आणि इथेच मला हा माणूस आवडला. बाकी सगळ्यांनी दिसणाऱ्या काचेवर टेप लावली होती आणि इंच-सूत लिहून घेतलं होतं. यांनी आधी बीडिंग काढली. बीडिंग म्हणजे काचेला आतल्या बाजूने धरून ठेवणारी यूपीव्हीसीची पट्टी, ती नुसती खाचेत दाबून बसवलेली असते, स्क्रू नसतो काही नसतं. बोथट पटाशी लांब पट्टीच्या बरोबर मध्यावर घातली, हळूच उचकटली, टक्क असा आवाज आला आणि पट्टी धनुष्यासारखी वाकून बाहेर. आधी लांब पट्ट्या, मग आखूड, बसवताना याच्या उलट. म्हणजे परांची नको, दोरीवरचा माणूस नको, अकराव्या मजल्याचं काम सगळं खोलीत उभं राहून होतं. हे मला आधी माहीत असतं तर त्या फॅब्रिकेटरने लावलेले "आउटसाइड ॲक्सेस चार्जेस" वाचून मी तिथेच त्याला चहा न देता वाटेला लावला असता.

मग खाचेच्या आतून माप, आडवं तीन जागी, उभं तीन जागी, दोन्ही कर्ण, सगळं मिलिमीटरमध्ये. सर्वात लहान माप धरलं आणि त्यातून सगळ्या बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर सोडले. सूत का नाही विचारलं तर म्हणाले एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर, सुतारकामाला ठीक आहे, डीजीयूला नाही. टफन काच भट्टीत सहाशे डिग्रीच्या वर तापवून झटक्यात गार करतात, एकदा टफन झाली की नंतर कापता येत नाही, कड घासता येत नाही, भोक पाडता येत नाही, म्हणजे माप चुकलं की काच सरळ भंगारात. म्हणून जो कारागीर बीडिंग न काढता माप घेईल त्याला काम देऊ नका, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील.

जाडीचंही तसंच. जुनं युनिट 6-12-6, म्हणजे 6 ची काच, मधे 12 ची फट, परत 6 ची काच, एकूण 24 मिलिमीटर. बीडिंग त्या जाडीच्या हिशोबाने येते, त्यामुळे 20 चं युनिट घातलं तर काच खुळखुळणार आणि 28 चं घातलं तर बीडिंग बसणारच नाही. एका स्वस्तातल्या कोटेशनमध्ये 5-9-5 लिहिलेलं होतं, ते 19 झालं, उरलेले 5 मिलिमीटर तो बहुतेक सिलिकॉनने भरणार होता.

आता काचेची निवड. मी गेले होते आहे तशीच करून घ्यायला. काकांनी विचारलं कशासाठी लावलीये, उन्हासाठी की आवाजासाठी? म्हटलं आवाजासाठी. मग म्हणाले दोन्ही काचा सारख्या जाडीच्या ठेवू नका. सारख्या जाडीच्या दोन काचा एकाच सुरातला आवाज आत सोडतात, एकीला जो अडवता येत नाही तो दुसरीलाही येत नाही. जाडी वेगळी ठेवली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आणि आतली काच लॅमिनेटेड घ्या, म्हणजे दोन पातळ काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकची फिल्म, ती फिल्म काचेची थरथर खाते. शेवटी बाहेर 5 ची टफन, मधे 12, आत 3 आणि 3 च्या मधे 0.76 ची फिल्म, म्हणजे 6.76. एकूण 23.76, आमच्या 24 च्या बीडिंगला अगदी बरोबर. हा हिशोब त्यांनी पाकिटाच्या मागे पेनने करून दाखवला. मी आर्गॉन गॅसचं विचारलं, कुठेतरी वाचलं होतं, तर म्हणाले तो थंडीच्या देशात घर गरम ठेवायला, तुम्ही त्या पैशांत स्पेसरचं काम चांगलं मागा.

उन्हाचा विषय निघालाच म्हणून सांगते. साध्या पारदर्शक डबल काचेने ठाण्याचं पश्चिमेचं ऊन थांबत नाही, सूर्यप्रकाश सरळ आत येतो आणि खोली तापते. त्यासाठी कोटिंगवाली काच लागते, आणि ते कोटिंग कुठल्या बाजूला ते महत्त्वाचं. बाहेरून मोजायचं, बाहेरच्या काचेची बाहेरची बाजू 1, आतली 2, मग दुसऱ्या काचेची 3 आणि खोलीकडची 4. ऊन अडवायचं तर कोटिंग 2 वर. तुमच्या काचेला कोटिंग आहे की नाही हे बघायला रात्री काचेसमोर लायटर किंवा मेणबत्ती धरा, चार ज्योती दिसतील, एकीचा रंग वेगळा दिसला तर तिथे कोटिंग आहे. आमच्या चारही सारख्या, म्हणजे कोटिंग नाहीच. विकताना मात्र "हीट रिडक्शन" छापलेलं पत्रक दिलं होतं. आमची खिडकी पूर्वेची, रस्त्याकडची, म्हणून कोटिंगचा खर्च केला नाही. एक काच कोटिंगवाली घेतली तर बाहेरून रंग वेगळा दिसतो आणि सोसायटीत कोणीतरी एलिव्हेशनवरून, म्हणजे बिल्डिंगच्या बाहेरच्या रूपावरून, पत्र देतंच.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्हाला वाटेल माझे नातेवाईक आहेत.

काका फोन उचलत नाहीत. म्हणजे खरंच नाही. दुपारी तर बंदच. व्हॉट्सॲपवर निळी टिक येते, उत्तर येत नाही, मग अचानक रात्री साडेदहाला आवाजी मेसेज. तारीख दिली ती पाळली नाही, कारण टफन ते बाहेरून करून आणतात आणि भट्टीत छोटी ऑर्डर एकटी टाकत नाहीत, लॉट भरला की मग. हे आधी सांगितलं असतं तर चाललं असतं, आधी मात्र "होऊन जाईल". तोपर्यंत फुटलेल्या काचेला आम्ही रुंद पारदर्शक टेप मारून ठेवली होती, आणि हे तुम्हीही करा, तडा गेला की लगेच आतून आणि हात पोचत असेल तर बाहेरूनही टेप, खाली कोणाच्या डोक्यात तुकडा पडला तर काय करणार. आमच्याकडे वाऱ्याने तडा रोज थोडा थोडा पुढे सरकत होता, सासूबाई सकाळी उठून आधी तोच बघायच्या.

बसवायच्या दिवशी दुपारी दोनचे पाच वाजवले. फिक्सचं युनिट साधारण चाळीस किलोचं, काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो या हिशोबाने धरा, म्हणजे हे एकट्या माणसाचं काम नाही. घरच्या घरी स्वतः करायचा विचार असेल तर छोट्या शटरचं करा, मोठ्या फिक्सचं नको, त्यातून वरच्या मजल्यावर तर नकोच. रबरी सक्शन लावून दोघांनी उचललं, "भाभी, पलंग थोडा और पीछे लो", असं करत करत आमचा पलंग पार दारात गेला. सोसायटीच्या लिफ्टला चटई लावायला वॉचमनने अर्धा तास घालवला, तो दोष काकांचा नाही.

जुनं युनिट काढलं तेव्हा खरी गंमत. खालच्या खाचेत पाणी साचलेलं, त्यात सिमेंटचा गाळ, एक मेलेलं झुरळ. फ्रेमला पाणी बाहेर जायला खालच्या बाजूला लांबट भोकं असतात, ती बसवतानाच सिमेंटने बुजलेली. शिवाय काचेखाली प्लास्टिकचे ठोकळे ठेवायचे असतात म्हणजे काच खाचेच्या तळाला टेकत नाही, ते एकाच बाजूला होते, दुसऱ्या बाजूला युनिट सरळ पाण्यात बसलेलं. तिकडच्या कडेचं काळं सील बोटाने दाबलं तर डांबरासारखं मऊ, दोऱ्या सुटत होत्या. म्हणजे काच "जुनी होऊन" धुरकट झाली हे खोटं, तिला पाण्यात उभी करून ठेवली होती. स्पेसरची पट्टी तुटली आणि आतले दाणे साबुदाण्याहून बारीक, सगळ्या फरशीवर पसरले, ते अजून कपाटाखाली सापडतायत.

पोरांनी तारेने भोकं मोकळी केली, मग मीच मगभर पाणी ओतून बघितलं बाहेर पडतंय का. पडलं. मग ठोकळे. फिक्सला खाली दोन, कडेपासून साधारण पाव अंतरावर. शटरला वेगळी पद्धत, बिजागरीच्या बाजूला खाली एक ठोकळा आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यात वर एक, म्हणजे काचेचा भार तिरका होऊन बिजागरीवर येतो आणि शटर लोंबत नाही. आमचं शटर बंद करताना उचलून धरावं लागायचं, ते बिजागरी खराब झाली म्हणून असं आम्हाला सांगितलेलं. ठोकळा लावल्यावर ते एका बोटाने बंद होतं! म्हणजे तो बिजागरीचाही खर्च वाचला.

एक बीडिंग मात्र तुटली. उन्हाने यूपीव्हीसी कडक होतं, कोपऱ्यात टचकन गेली. त्यांच्याकडे दुसरी होती पण पांढरा रंग जरा वेगळा, जवळून दिसतो. काका म्हणाले मॅचिंग आणून देतो. अजून आलेली नाही, आणि मला वाटत नाही येईल. यासाठी एक स्टार कापते.

सिलिकॉनबद्दल त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली ती कामाची आहे. हार्डवेअरच्या दुकानात जो स्वस्त सिलिकॉन मिळतो, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो बाथरूमच्या आरशाला ठीक, डीजीयूच्या कडेला लावायचा नाही. तो आतल्या सीलला खातो आणि लॅमिनेटेड काचेच्या फिल्मचीही कड पांढरी पडते. न्यूट्रल लिहिलेला घ्यायचा. तसंही गॅस्केट, म्हणजे काचेच्या कडेची रबरी पट्टी, नीट बसलं असेल तर काचेला सिलिकॉनची गरजच फार नसते, जिथे खूप सिलिकॉन फासलेला दिसेल तिथे काहीतरी लपवलेलं आहे समजा.

पैसे. दर स्क्वेअर फुटाला 620, लॅमिनेटेड आणि टफन धरून, फिटिंग वेगळं, 18 टक्के जीएसटी वेगळा. माप थोडं वर चढवून धरतात, ते सगळेच काचवाले धरतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही, आधी विचारून घ्या. दोन्ही मिळून 20 हजारांच्या आत बसलं. पूर्ण खिडकी बदलायचं कोटेशन याच्या दुपटीच्या वर होतं, आणि त्यात भिंत तोडफोड, टाइलचं नुकसान, परत रंग हे वेगळंच. बिलावर मी काचेचं पूर्ण वर्णन लिहून घेतलं, 5 टफन, 12 स्पेसर, 6.76 लॅमिनेटेड, आणि सीलची एक वर्षाची गॅरंटी. एक वर्ष कमी आहे, सील नीट असेल तर डीजीयू दहा-पंधरा वर्षं सहज चालायला हवी, पण काका म्हणाले फ्रेम माझी नाही, तिची जबाबदारी मी किती घेऊ. मला पटलं. जुन्या काचा घेऊन जायला मात्र दोनदा सांगावं लागलं, भंगारवाला या चिकटवलेल्या काचा घेत नाही, त्या दारात राहिल्या तर डोक्याला ताप.

फरक किती पडला? हॉर्न, रिक्षा, शेजारच्या बिल्डिंगचं लग्नाचं स्पीकर, हे बऱ्यापैकी कमी झालं, आधी जेव्हा ही खिडकी नवीन होती त्यापेक्षाही कमी. ट्रेलरची घरघर मात्र आहेच. हे काकांनी आधीच सांगितलेलं, की जाड आवाजाला 12 मिलिमीटरची फट काही करू शकत नाही, त्याला वजन लागतं नाहीतर दोन खिडक्यांच्या मधे चांगलं चार इंच अंतर लागतं. "साउंडप्रूफ" असा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही, आतापर्यंत जेवढे खिडकीवाले भेटले त्यांत हे एकटेच. लॅमिनेटेडचा अजून एक फायदा, फुटली तरी फिल्मला चिकटून राहते, लहान मूल घरात आहे त्यांनी आतली काच हीच घ्या.

माझे पाचपैकी साडेतीन. काम पाच स्टारचं, फोन आणि वेळ एक स्टारची, बीडिंगचं वर लिहिलंच आहे. ज्यांना फ्रेम ठीक आहे आणि नुसती काच गेलीये त्यांनी अशा छोट्या डीजीयू बनवणाऱ्याकडेच जा, वागळेत आणि भिवंडीकडे शोधलं तर सापडतात, शोरूमवाले पण शेवटी काच बाहेरूनच करून आणतात. मे महिन्याच्या मध्यापर्यंत काम उरका, कारण काच काढल्यावर तासभर भिंतीत नुसतं भगदाड असतं आणि पाऊस सुरू झाला की हे लोक येतच नाहीत.

आणि ज्यांच्या स्लायडिंग खिडक्या आहेत त्यांनी डबल काच करायच्या आधी शटरच्या कडेचा केसाळ ब्रश हात लावून बघा. झिजून सपाट झाला असेल तर आवाज काचेतून नाही, तिथून येतोय. तो ब्रश मीटरवर मिळतो, फार स्वस्त असतो, आधी तो बदला.